पंधरा आणे दाब, एक आणा वळण

लेन्सचा स्क्रू तुम्ही पाहिला नसेल. कॅमेरा पाहिला असेल, त्याच्यासमोर उभं राहून दात दाखवले असतील, पण स्क्रू नाही. तळहातावर ठेवला तर खसखशीचा दाणा वाटतो. जोरात श्वास सोडला तर दाणाही वाटत नाही, कारण तोवर तो गेलेला असतो. माझं आयुष्य हे असले दाणे काढण्यात आणि परत बसवण्यात गेलं. लोक विचारतात, चाचा, तुमचा धंदा काय? मी सांगतो, अडकलेलं सोडवतो. मग ते उसनवारीबद्दल किंवा कोर्टाबद्दल काही विचारायला लागतात. तेव्हा खुलासा करावा लागतो.

नंदुरबारात माझं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, त्यावर एक दिवा, माझी खुर्ची आणि गिऱ्हाइकाची खुर्ची. वडील याच टेबलावर घड्याळं दुरुस्त करायचे. घड्याळं लोकांच्या मनगटावरून उतरून मोबाईलमध्ये गेली, तसा मी कॅमेऱ्यांकडे वळलो. आता कॅमेरेही मोबाईलमध्ये चाललेत, पण सगळे नाही गेले. लग्नवाले, शाळेचे ग्रुप फोटो काढणारे, पक्ष्यांच्या मागे तोरणमाळच्या घाटात फिरणारे, हे अजून येतात. शहादा, तळोदा, अक्कलकुवा, पार डोंगरातून येतात. जवळपास दुसरा कुणी लेन्स उघडत नाही. उघडतात, पण बंद करता येत नाही, मग पिशवीत भरून माझ्याकडे आणतात.

माझी शाळा उर्दूची, तीही तिसरीपर्यंत. मराठी मी दुकानांच्या पाट्या वाचून शिकलो. म्हणून माझं अक्षर मोठं आहे आणि प्रत्येक शब्द काहीतरी विकायला बसल्यासारखा दिसतो, असं आमची सून म्हणते. आमच्या घरात हिंदी-उर्दू, दारात अहिराणी, म्हणजे ‘आहे’ला ‘शे’ आणि ‘इथं’ला ‘आठे’, आणि कागदावर मराठी. एवढ्या तीन भाषांत मी स्क्रूला शिव्या देऊ शकतो.

आता धंद्याची गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

स्क्रूच्या डोक्यावर जी फुली असते ना, अधिकच्या चिन्हासारखी, ती सगळ्यांना एकसारखी वाटते. ती एकसारखी नसते. आपल्या बाजारातल्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक वेगळं, आणि जपानी लेन्सच्या स्क्रूची फुली वेगळी. दिसायला सख्खे भाऊ, बसायला सावत्र. आपला ड्रायव्हर त्या फुलीत पूर्ण उतरत नाही. जोर लावला की वर चढतो, आणि चढताना फुलीचे कोपरे खरवडून नेतो. एकदा, दोनदा असं झालं की फुली राहत नाही, नुसती वाटी होते. त्याला आम्ही म्हणतो, स्क्रू खाल्ला. खाल्लेला स्क्रू म्हणजे दार बंद आणि कडीकोयंडा काढून नेलेला.

म्हणून माझे ड्रायव्हर मी स्वतः घडवतो. शिलाई मशीनची जाड सुई घ्यायची, तेलाच्या दगडावर तिचं टोक घासायचं, भिंगाखाली बघायचं, परत घासायचं. फुलीत ती अशी बसली पाहिजे की हात सोडला तरी सुई उभी राहील. मग काम सुरू करायचं. नवशिका माणूस सगळा जोर फिरवण्यात घालतो. तिथंच तो मरतो. माझे वडील सांगायचे, पंधरा आणे दाब, एक आणा वळण. सोळा आण्यांतले पंधरा खाली दाबण्यात गेले पाहिजेत. आणि अडलेला स्क्रू काढायचा असेल तर आधी तो किंचित कसायचा, म्हणजे आवळायचा, मग सोडायचा. लोकांना हे उलटं वाटतं. पण रुसलेल्या माणसालाही आधी म्हणावं लागतं, तुझंच खरं आहे बाबा. त्यानंतर तो ऐकतो.

कारखान्यात स्क्रूवर रंगाचा एक थेंब टाकलेला असतो, हलू नये म्हणून. आम्ही त्याला लाख म्हणतो. नखांचा रंग पुसायचं जे औषध बायका वापरतात, ते काडीनं लावलं की लाख विरघळते. नाही विरघळली तर डाग द्यायच्या सोल्डरिंग कांडीचं तापलेलं टोक स्क्रूच्या डोक्याला नुसतं टेकवायचं. उष्णतेनं पकड सुटते. आणि सुटताना स्क्रू बोलतो. टिक. हा आवाज कानाला कमी आणि बोटाला जास्त ऐकू येतो. त्या एका टिकसाठी मी अजून दुकान उघडतो, नाहीतर मुलं घरी बसा म्हणतातच आहेत.

एक गोष्ट मी कधी केली नाही. स्क्रूला ड्रिल लावलं नाही. मोठ्या शहरांत लावतात. स्क्रूचं डोकं पोखरून टाकतात, दोन मिनिटांत मोकळे. पण पोखरलेल्या धातूचा किस कुठं जातो? लेन्सच्या पोटात. तिथल्या बारीक आट्यांमध्ये तो बसतो आणि मग लेन्स फिरवली की वाळू चावल्यासारखी करकरते. गिऱ्हाईक वर्षभरानं तक्रार करतं, तोवर दुकानदार विसरलेला असतो. मला हे जमत नाही. माझ्या टेबलावरून ड्रिल लावलेली एकही लेन्स गेलेली नाही आणि हे मी मोठ्यानं सांगतो.

तापीकाठच्या गावाहून एक रतिलालभाई आले होते. केळीचे मोठे बागाईतदार, घरात गुजराती बोलणारे. पोरीच्या लग्नासाठी घेतलेला कॅमेरा, त्याची लेन्स त्यांनी घरीच उघडायला घेतली होती. स्क्रूचं डोकं चपटं झालेलं. मी विचारलं, काय लावलं?

रतिलालभाई म्हणाले, "चाचा, पंपना बोल्ट फिरत नही ना, तं आम्ही पाईप लावतस."

"मंग आठे बी पाईप लावा का?"

"पाईप नही. पक्कड."

"भाऊ, हाई लेन्स शे. बोअरनी मोटर नही."

"मोटर बी मीच खोलस," ते म्हणाले. "आते तू बाजूले सरक, माले दखाड कसं करतस ते."

हा माणूस मला आवडला. मी म्हटलं, बसा. स्क्रू मी अर्धा सैल करून दिला आणि माझी सुई त्यांच्या हातात ठेवली. विहिरीतून मोटर उपसणारा हात, त्या दाण्यावरही त्यांनी तेवढाच जोर लावला. स्क्रू निघाला आणि उडाला. टेबलावर नाही, जमिनीवर नाही. मी मांडीवर नेहमी पांढरा पंचा पसरून बसतो, त्यात नाही. आम्ही दोघे म्हातारे गुडघ्यांवर बसून लोहचुंबक फिरवत होतो. शेवटी तो रतिलालभाईंच्याच मनगटावरच्या केसांत सापडला. घामानं चिकटून बसला होता. तेव्हापासून ते नंदुरबारला आले की दुकानात डोकावतात आणि विचारतात, चाचा, मन्हा हातवर काही शे का देख. केळीचा घड मात्र आणतात.

आता रमिलाची गोष्ट. ती लिहायची म्हणूनच मी हा कागद घेतला.

रमिला मोलगीची. बाजाराच्या रस्त्यावर तिचा फोटोचा गाळा आहे. दाखल्यांचे, परीक्षेच्या फॉर्मचे फोटो काढते, डोंगरातल्या लग्नांना जाते. कॅमेरा एक, लेन्स एक. आश्रमशाळेत शिकली म्हणून आमच्यापेक्षा चांगलं मराठी बोलते. थंडीच्या दिवसांत ती पहिल्यांदा आली. मोलगीची जीप येता येता दुपार होते, तशी दुपारीच आली.

"चाचा, लेन्स पहाटे अडकते. दुपारी चालते."

मी लेन्स हातात घेतली. फोकसची कडी फिरवली, फिरली. आतल्या पाकळ्या उघडल्या, मिटल्या. पाकळ्या म्हणजे लेन्सच्या आत पत्र्याची गोल पानं असतात. उजेड कमी तर ती उघडतात, जास्त तर मिटतात. डोळ्याच्या बाहुलीसारखं.

"चांगली शे ना," मी म्हटलं.

"इथं चांगली आहे."

"मंग तठे काय व्हस तिले?"

"तेच विचारायला मी एवढ्या लांब आले."

मी ती परत दिली. काही दिवसांनी ती पुन्हा आली, पुन्हा दुपारी, आणि लेन्स पुन्हा झकास चालली. मी गमतीनं म्हटलं, "तिले तुमना डोंगरनी थंडी सोसत नही."

ती हसली नाही. म्हणाली, "मग थंडीचंच बघा ना, चाचा. इथं सगळे येतात ते दुपारीच. तुम्ही तिला थंडीत कधी पाहिलंय?"

खरं बोलली. मी गिऱ्हाइकाची खुर्ची पुढं केली. मग तिनं सांगितलं ते असं.

काठी गावची होळी तुम्ही ऐकली असेल. ती पहाटे पेटते. लांबलांबच्या पाड्यांवरून लोक चालत येतात आणि नाचतात. त्यात नवस बोललेले पुरुष बुध्या होतात. अंगाला राख फासतात, त्यावर पांढरे ठिपके, कमरेला सुके भोपळे आणि घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप. रमिलाचा आजा असा बुध्या होत आलेला. आता त्याचे पाय दुखतात. औंदा शेवटचं, असं त्यानं घरात सांगून टाकलं होतं.

"त्याचा एक फोटो नाही माझ्याकडं," रमिला म्हणाली. "सगळ्या डोंगराचे फोटो काढते मी. मागच्या होळीला कॅमेरा घेऊन त्याच्यासमोर उभी होते. पाकळ्या मिटल्या त्या उघडल्याच नाहीत. सगळे फोटो काळे आले."

"मोबाईलवर काढाना व्हता."

"काढला. आजा धुरासारखा आलाय. तो उभा राहतो का कुठं? नाचतो."

मी म्हटलं, ठेवून जा.

घरी नेऊन मी ती लेन्स पिशवीत घट्ट बांधली, ओल लागू नये म्हणून पिशवीत मूठभर तांदूळ टाकले, आणि फ्रिजमध्ये ठेवली. आमच्या बेगमनं फ्रिज उघडला.

"दूध के बाजू में ये क्या रखा जी?"

"लेन्स."

"दुकान में जगह कम पड़ गई?"

"उसको मोलगी की सर्दी लगानी है."

"तो मोलगी भेजो. मेरा दही जमने दो."

सकाळी काढली. कडी जागची हलेना. पाकळ्या मिटलेल्या, चिकटलेल्या. मला इतका आनंद झाला की बेगमला वाटलं मला कुठून पैसे मिळाले. रोग दिसला की अर्धं काम झालं. भिंगाखाली पाहिलं तर कडीच्या फटीत पांढरट काहीतरी, थिजलेल्या तुपासारखं. नाकाजवळ नेलं आणि ओळखलं. डोळीचं तेल.

मोहाच्या बियांना आमच्याकडं डोळी म्हणतात. डोंगरात तिचं तेल घरोघर. खायला, दिव्याला, केसांना, दुखऱ्या सांध्यांना, सगळ्याला तेच. आणि ते थंडीत थिजतं, उन्हात पातळ होतं. लेन्समध्ये डोळीचं तेल घालणारा माणूस सगळ्या हिंदुस्थानात दुसरीकडं कुठं सापडायचा नाही.

लेन्स पुन्हा पिशवीत बांधून मी शर्टाच्या आत पोटाशी धरली आणि चहा प्यायला बसलो. चहा संपेपर्यंत पाकळ्या उघडल्या. हे लक्षात ठेवलं.

पुढच्या खेपेला रमिला आज्याला घेऊन आली. त्याला डोळ्यांचं दाखवायचं होतं. लहान चणीचा, ताठ मानेचा म्हातारा. घरात भिली बोलणारा, पण बाजारामुळं अहिराणी पक्की. गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसला आणि दुकानाकडं असं पाहिलं जसं त्यालाच ते विकत घ्यायचंय.

मी विचारलं, "बाबा, लेन्समा तेल कोणी टाकं?"

"मीच टाकं," तो म्हणाला. "पोर ती कडी फिरवे आन् ती कुरकुर करे. माले वाईट वाटनं."

"आन् काय व्हयनं मंग?"

"कुरकुर बंद व्हयनी. इचार तिले."

त्याच्या खांद्यामागून रमिला माझ्याकडं बघत होती. हात छातीशी धरून तिनं नुसती मान हलवली, नाही म्हणून. मला समजलं. मागच्या होळीचे फोटो काळे का आले, हे म्हाताऱ्याला ठाऊक नव्हतं, आणि कळू द्यायचं नव्हतं.

मी म्हटलं, "तेल चांगलं शे बाबा. जराखं जास्त पडनं, इतलंच."

"तेल कधी जास्त व्हस का," तो म्हणाला आणि विषय त्याच्यापुरता संपला.

तो डॉक्टरकडं गेला तेव्हा मी लेन्स उलटी केली. मागच्या बाजूला चार स्क्रू. ते काढले की आत जाता येतं, पाकळ्या धुता येतात. तीन स्क्रू निघाले. चौथ्याची वाटी झालेली.

मी रमिलाकडं पाहिलं.

"मी केलं ते," ती म्हणाली. "मोबाईलवर एक गोरा माणूस उघडत होता. त्याचं सहज उघडत होतं."

"त्यान्हा ड्रायव्हर कोणता व्हता?"

"फुलीचा."

"आन् तुन्हा?"

"फुलीचाच की."

इथंच सगळं जग फसतं. असो.

मी लाख विरघळवली. उष्णता दिली. वाटीत रबराचा पातळ तुकडा घालून दाब दिला, कधीकधी त्यानं पकड येते. सुई नवीन घासली, आणखी एक घासली. स्क्रू हलला नाही. तिला दोनदा रिकामी परत पाठवली, लेन्स ठेवून घेतली, पुन्हा लागलो. तो तसाच. आणि होळी तोंडावर आली. आज्याचे पाळायचे दिवस सुरू झाले. त्या दिवसांत बुध्या होणारा माणूस खाटेवर झोपत नाही, घरादारापासून वेगळा राहतो. रमिला एकटीच आली.

"झालं का, चाचा?"

"नही."

"ड्रिल लावा."

"नही."

"शहरात लावतात. मी विचारलंय."

"लावतस. किस आत पडस. मंग लेन्स मरी जास, आज नही तं पुढला वर्षे."

"पुढच्या वर्षी आजा बुध्या होणार नाहीये," ती म्हणाली. "मला ही लेन्स एक पहाट चालायला हवी. नंतर मेली तर मरू दे. लेन्स माझी आहे ना?"

"लेन्स तुन्ही शे," मी म्हटलं. "स्क्रू मन्हा शे."

तिचं तोंड उतरलं. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मला तेव्हाही माहीत होतं की ती चुकीचं बोलत नाही. पण हाताला जे येत नाही ते येत नाही. काहींना दारू सोडता येत नाही, मला ड्रिल धरता येत नाही.

मी तिन्ही स्क्रू परत बसवले, लेन्स तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "आयक. पिशवीमा बांध आन् पोटशी बांध, लेकरूगत. रातभर तशीच ऱ्हाऊ दे. फोटो काढाना टाईमले काढ, काढीसन परत पोटशी. अंगनी गरमी ऱ्हायनी तं तेल थिजाव नही. तेल थिजनं नही तं पाकळ्या चालतीन."

"हे तुमचं दुरुस्त करणं?"

"आते इतलंच."

"आणि नाही चालल्या तर?"

"चालतीन."

"चाचा, तुमच्या हट्टापायी आज्याचा फोटो गेला तर मी काय करू?"

मी म्हटलं, "जाय. जीप निंघी जाई."

ती निरोप न घेता गेली.

होळी झाली. आमच्या गल्लीत रंग झाला, सुटला, पोरांचे कान निळे राहिले तेही धुतले गेले. मोलगीहून काही नाही. दुकानात बसलो की माझं लक्ष रस्त्याकडं. घरी बेगम म्हणाली, "फोन कर लो ना उस लड़की को." मी म्हटलं, तिचा यायला पाहिजे. हट्टी माणसाचा फोन नेहमी समोरच्यानं करायचा असतो. ती म्हणाली, फिर बैठो. मी बसलो. त्या दिवसांत एका साध्या लेन्सचा सोडायचा स्क्रू मी उलट कसतच बसलो. तेवढ्यावरून ओळखा माझं काय चाललं होतं. पाकळ्या अडकल्या असत्या तर त्या पोरीला आज्याचा दुसरा फोटो मिळायचा नव्हता, आणि मी मात्र माझं स्वच्छ टेबल घेऊन बसलो असतो.

मग एका दुपारी जीपमधून दोघं उतरली. आजा पुढं, रमिला मागं. तिचं तोंड मी लांबूनच वाचायला बघत होतो, पण उन्हानं तिनं डोळे बारीक केले होते.

तिनं टेबलावर फोटो ठेवला.

मागं होळीचा जाळ, अजून आभाळ पुरतं उजाडलेलं नाही. मधोमध आजा. राखेनं पांढरा, अंगभर ठिपके. एक पाय जमिनीवर आणि एक हवेत. कमरेचे भोपळे गरकन बाहेर उडालेले, मोरपिसांचा टोप एका अंगाला झुकलेला, आणि तोंड उघडं. ओरडत असेल नाहीतर हसत असेल. मी भिंग लावून बघितलं. पापणीचा केस अन् केस सुटा दिसत होता.

आज्यानं फोटो उचलला, लांब धरला, जवळ धरला.

"हाऊ म्हातारा कोण शे?" त्यानं विचारलं.

"तूच आहेस ना आजा," रमिला म्हणाली.

"मी इतला म्हातारा नही."

"टोप तुझाच आहे बघ."

"टोप मन्हा शे," त्यानं कबूल केलं. "कोणीतरी डोकावर ठेई लिधा व्हई." पण फोटो त्यानं खाली ठेवला नाही.

मग रमिला मला म्हणाली, "चाचा, रातभर पोटाला बांधून हिंडले. बाया विचारत होत्या, कितवा महिना."

"काय सांगं मंग?"

"सांगितलं, सकाळी होईल."

आम्ही तिघंही हसलो. हसणं संपल्यावर तिनं पिशवीतून लेन्स काढून माझ्यासमोर ठेवली. "आता घाई नाही. काढा तो चौथा."

मी पंचा मांडीवर पसरला. घाई नसली की हात वेगळा चालतो हे खरं आहे. मी पोलादाची एक टोकदार कांडी घेतली आणि छोट्या हातोडीनं वाटीच्या काठावर हलके ठोके दिले, चारी बाजूंनी. पसरलेला धातू थोडा आत आला. मग नवी सुई वाटीत उभी केली आणि तिच्यावर एक ठोका. सुईनं स्वतःची फुली स्वतःच पाडून घेतली. उष्णता दिली. आधी कसला, केसभर. मग सोडला. आजा मान पुढं काढून बघत होता, त्याचा श्वास माझ्या हातावर येत होता, तरी मी त्याला मागं सरकवलं नाही.

टिक.

स्क्रू पंच्यावर आला. मी मागचा भाग काढला, आतल्या पाकळ्या सुट्या केल्या. पांढऱ्या पेट्रोलमध्ये काडीचा कापूस बुडवून एकेक पान पुसायला घेतलं. कापूस पिवळा व्हायला लागला. पेट्रोलच्या वासातूनही तो दुसरा वास वर आला. मी ते ध्यानात घ्यायला हवं होतं. आज्याचं नाक म्हातारं नव्हतं.

"हाई मन्हं तेल शे," तो म्हणाला.

मी पुसत राहिलो.

"इतलं आत गयतं?"

रमिला म्हणाली, "आजा, चल, तुला चहा पाजते." तो उठला नाही. त्यानं कापसाच्या काड्यांकडं पाहिलं, लेन्सकडं, मग फोटोकडं. आणि माझ्याकडं बघून विचारलं, हळू, "मागला वर्षे पोर रडनी व्हती. मन्हा तेलवरी अडकनं का ते?"

माझ्या धंद्यात मी सगळ्यांना एकच सांगत आलोय. रतिलालभाईंना सांगितलं, रमिलाला सांगितलं, लग्नाच्या फोटोग्राफरांना तर रोज सांगतो. दोष स्क्रूचा कधीच नसतो, हाताचा असतो. यावर मी भांडलोय, गिऱ्हाइकं घालवलीत. पण तो म्हातारा विचारून थांबला होता, आणि त्याच्या मागं रमिला उभी होती.

मी चिमट्यानं स्क्रू उचलला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"नही बाबा," मी म्हटलं. "हाऊ अडकना व्हता. तेलनं तं तिले चालतं ठेयं. हाऊच चोर शे."

त्यानं तळहात डोळ्यांजवळ नेला. मी भिंग दिलं. बराच वेळ त्यानं त्या दाण्याची तपासणी केली, वाटी झालेलं डोकं, त्यावरचे माझे ठोके. मग त्याच्या पाठीतला ताठपणा परत आला.

"इतलासा?"

"इतलासाच."

"आन् तू त्याले इतला दिन सोडत नव्हता?"

"नही सोडा."

"बेस करं," तो म्हणाला. त्यानं स्क्रू मागून घेतला. लेन्सला मी माझ्या डबीतला दुसरा बसवला. जुना त्यानं उपरण्याच्या टोकाला गाठ मारून बांधला, दोनदा, जसं काही तो पळून जाणार होता.

रमिला परवा सांगत होती, आजा पाड्यावर आल्यागेल्याला गाठ सोडून दाखवतो. हाच तो, म्हणतो, याच्यामुळं फोटो काळे आले. लोक वाकून बघतात. दिसत कुणालाच काही नाही. पण आजा समोर बसलेला असतो, म्हणून सगळे मान हलवतात.